वर्षश्राद्ध कुणाचं करताय?

आमच्या भागात माणूस गेलं की पहिला फोन आता नातेवाइकाला जात नाही, फ्लेक्सवाल्याला जातो. चेष्टा करत नाही मी. सरण विझायच्या आत स्टँडवर बोर्ड लागलेला असतो. मधी मयताचा फोटो आणि भोवतीनं दुःखात बुडालेल्यांचे फोटो. बुडालेल्यांतल्या निम्म्यांच्या डोळ्यावर गॉगल असतो, आणि एखाद्याचा फोटो तर मयतापेक्षाही मोठा असतो. मग दहाव्याला मांडव, पुढं वर्षश्राद्धाला त्याच्या दुप्पट मांडव, की झालं पुण्यस्मरण. ज्याचं स्मरण करायचं ते माणूस त्या मांडवात कुठं बसवलंय, एवढंच विचारायचंय मला.

थोरली वहिनी मागच्या मार्गशीर्षात गेली. येत्या मार्गशीर्षात तिचं वर्षश्राद्ध आहे. गेल्या महिन्यात दोघा पुतण्यांनी रात्री जेवणं झाल्यावर मला वाड्यावर बोलावलं आणि कागद पुढं सरकवला. म्हणले, "तात्या, एकदा नजर घाला." नजर घातली. मंडप आणि खुर्च्या पंचावन्न हजार. साउंड आणि पडदा अठरा. कीर्तनकार महाराजांचं पाकीट एक्कावन्न. दीड हजार माणसांचं जेवण, आचारी-किराणा धरून एक लाख साठ. पत्रिका आणि फ्लेक्स एकवीस. शाली, नारळ, टोप्या, पाहुण्यांचे सत्कार पस्तीस. बेरीज तीन लाख चाळीस हजार.

मी दहावीपर्यंतच शिकलोय, पण उसाचा हिशेब तोंडपाठ आहे. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्रानं ठरवलेली एफआरपी टनाला ३,४०० रुपये होती, तीही सव्वादहा टक्के उताऱ्याला. म्हणजे हा कागद बरोब्बर शंभर टनांचा झाला. एकरी चाळीस टन धरा, अडीच एकर ऊस. आडसाली लागण असली तर सोळा-अठरा महिने पाणी द्यायचं, रात्रीची लाइट आली की उठून मोटार चालू करायला जायचं. त्यातून तोडणी-वाहतूक कापून हातात काय पडतं ते ज्याचं त्याला माहीत. तो सगळा ऊस सकाळी नऊ ते दुपारी एक एवढ्या वेळात संपणार. आणि मार्गशीर्षात उसाचं बिल हातात आलेलं असतं का? तोड तरी आलेली असते का? थोरला म्हणला, "सोसायटीचं नवं-जुनं करू." सरकारनं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज, वेळेत फेडलं तर, बिनव्याजी केलंय. बी-खतासाठी केलंय. आम्ही त्याची बुंदी पाडतो.

बुंदीवरून सांगतो. वहिनीला बुंदी आवडत नव्हती. गोडच आवडत नव्हतं. लग्नाच्या पंगतीत ताटातला लाडू ती पदरात बांधून आणायची आणि आम्हा पोरांना द्यायची. आम्हाला वाटायचं, माया. माया तर होतीच, पण तिचे दातही कळायचे. तिच्या नावानं आम्ही दीड हजार माणसांना बुंदी वाढणार होतो. मी विचारलं, "आईला काय आवडायचं रे?" दोघं एकमेकांकडं बघायला लागले. आतून थोरल्याची बायको म्हणली, "हुलग्याची शेंगोळी." सुनेला माहीत होतं.

कोण होती ही बाई? मी चौथीत असताना आई गेली. वर्षभरात दादाचं लग्न झालं आणि सोळा वर्षांची वहिनी घरात आली. तिच्या पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, दावणीची जनावरं सुटली, घरात रेशनच्या मिलोची लाल भाकरी. ती भाकरी घशाखाली उतरायची नाही. वहिनी खडी फोडायच्या कामावर जायची. मला बरोबर न्यायची, कारण कामावर सुकडी मिळायची. दगड फोडता फोडता तिच्या अंगठ्याचं नख गेलं ते पुन्हा नीट आलंच नाही, शेवटपर्यंत वाकडं राहिलं. १९७६ ला मी दहावीला बसलो तेव्हा फॉर्मची फी तिनं बाजारात अंडी विकून भरली. पास झालो तर म्हणली, "भावजी, आता मला पत्र वाचून दाखवायला पोस्टमनच्या पाया पडायला नको." बाजरीचं बी ती राखेत घालून ठेवायची आणि पेरणीच्या आधी चार दाणे दाताखाली धरून सांगायची की उगवल का नाही. कृषी खात्याचा माणूस एकदा हसला होता. दुबार पेरणी शेजाऱ्याला करावी लागली, आम्हाला नाही.

आता दहाव्याचं ऐका. घाटावर अकरा जणांनी श्रद्धांजली वाहिली. मी बसून मोजले. एकानं तिला "धार्मिक वृत्तीच्या" म्हणलं. दुसऱ्यानं "शांत, संयमी" म्हणलं. शांत! जिच्या आवाजानं वड्याच्या पलीकडची जनावरं आमच्या पिकातून बाहेर पडायची, ती शांत. तिसऱ्यानं रस्त्याच्या मंजुरीचं सांगितलं. चौथ्यानं तिसऱ्याला उत्तर दिलं. एका मोठ्या पुढाऱ्यानं गाडीतून उतरता उतरता कानात नाव विचारलं आणि माईकवर दुसरंच घेतलं. कुणी दुरुस्त केलं नाही, कारण साहेब पुढच्या दहाव्याला निघाले होते. त्या दिवशी त्यांचे चार होते म्हणे.

आणि तिकडं पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. बाया आपसात बोलायला लागल्या, काहीतरी इच्छा राहिलीय म्हातारीची. थोरला हात जोडून म्हणतोय, "आई, धाकट्याला अंतर देणार नाही." धाकटा म्हणतोय, "ताईची दिवाळी चुकवणार नाही." माझी नजर वर गेली. घाटावरच्या ज्या पिंपळावर कावळे बसतात त्याच फांदीला कर्णा बांधलेला होता, आणि त्याच्यातून कारखान्याच्या निवडणुकीचं चाललेलं. कावळा येतो कशाला? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. म्हणजे बघा, खरं माणूस बोलायला नाही, खरा कावळा शिवायला नाही. माईक तेवढा खरा.

पुतण्यांना हे सांगितलं तर त्यांच्याकडं उत्तरं तयार होती, आणि ती सगळीच टाकाऊ नव्हती. धाकटा म्हणला, "तात्या, आपण सगळ्या गावाचं खाल्लंय. खायला पहिले आणि घालायची वेळ आली की सुधारक, असं लोक म्हणतील." याला वजन आहे. खेड्यात पंगत म्हणजे नुसतं जेवण नसतं, ती देवाणघेवाण असते. वहिनीचा ताप हटत नव्हता तेव्हा ज्यांनी रात्री अकराला गाडी काढली, त्यांना घरी बसवून दोन घास घालावेत हे मला मान्य आहे. पण ती माणसं किती? मोजली मी. मळ्यातली सगळी घरं, भावकी, तिच्या माहेरची माणसं, कामाला येणाऱ्या बाया, सगळी धरून दीडशेच्या पुढं जात नाहीत. वरची साडेतेराशे माणसं कोण? तर ज्यांच्या मांडवात आम्ही फक्त हजेरी लावून आलो, ती आमच्याकडं हजेरी लावायला येणार. मुंडक्याला मुंडकं. असं फेडलेलं कुणाचंच फिटत नाही. दर वर्षी एकाचा मांडव दुसऱ्यापेक्षा एक खण वाढतो. ज्याच्याकडं अडीच एकर आहे तो ते गहाण टाकतो, आणि ज्याच्याकडं काहीच नाही त्यानं मेलेल्या आईचं काय करायचं? आमच्या वस्तीवरच्या एका पोरानं बापाच्या तेराव्यासाठी ऊसतोडीची उचल घेतली. बाप गेला उन्हाळ्यात, पोरगा कोयता घेऊन गेला दिवाळीला. बापाला घातलेलं जेवण तो थंडीत पहाटे तीनला उठून फेडत होता.

थोरल्याचं म्हणणं निराळं. तो म्हणला, "पुढारी आले म्हणजे चार कामं होतात." होतात का? पोरगा तीन वर्षं झाली भरतीचे फॉर्म भरतोय. दहाव्याला आलेल्या अकरापैकी कुणी त्याचं नाव तरी विचारलं? पुढारी येतो कारण त्याला पाचशे माणसं एका जागेवर, गप्प बसलेली आणि उठून जाऊ न शकणारी मिळतात. अशी सभा त्याला पैसे देऊनही भरवता येत नाही. आपण आपल्या खर्चानं भरवून देतो, वर शाल घालतो.

कीर्तनाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर लोक माळ दाखवायला येतील. गावचं भजनी मंडळ पूर्वी मयताच्या घरी रात्रभर बसायचं. चहा आणि सुपारी, बास. टाळ वाजवणाऱ्याला मेलेलं माणूस माहीत असायचं, एखाद्या अभंगात त्याचा गळा अडकायचा. आता तारीख वर्षभर आधी घ्यायची, महाराज कार्यक्रमाच्या आधी दहा मिनिटं पोचणार, चिठ्ठीवरचं नाव दोनदा घेणार, आणि मग सुनांवरचे विनोद. सासूच्या वर्षश्राद्धाला सुनांवर विनोद, आणि त्याच सुनांनी पहाटेपासून कांदे चिरायचे! कर्ज काढून सण आणि जेवणावळी करू नका हे गाडगेबाबा त्यांच्या कीर्तनातून आयुष्यभर सांगत फिरले. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. त्यांची पुण्यतिथी आमच्याकडं साजरी होते, फ्लेक्स लावून.

तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर आख्खा अध्याय घातलाय. गावच्या माणसानं मेल्यावरही कसं वागावं याचा विचार त्यांना करावासा वाटला. आमच्या ग्रामपंचायतीत ग्रामगीता आहे, कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडं.

माझ्या मनाला खरं लागलं ते पुढंच. पत्रिकेचा मजकूर. वर "कै. गं. भा." आणि खाली निमंत्रक म्हणून मुलगे, नातू, पुतणे, सोसायटीचे चेअरमन, माजी सरपंच, मित्रमंडळ. माझी पुतणी, वहिनीची एकुलती एक मुलगी, तिचं नाव त्यात नाही. शेवटचे आठ महिने वहिनी अंथरुणाला होती. तिचं उठवणं-बसवणं, कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री दोनला उठून पावडर लावणं, हे सगळं या पोरीनं स्वतःचा संसार सासरी टाकून येऊन केलं. पत्रिकेत चेअरमन आहे आणि ती नाही. विचारलं तर म्हणले, "बाया निमंत्रक नसतात, तात्या. पद्धत नाही."

पद्धत! १८९० साली पुण्यात जोतीराव फुले गेले तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या. सव्वाशे वर्षं उलटून गेली. बाईनं विस्तव धरला, आणि आम्ही तिचं नाव पत्रिकेत छापायला भितो. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा मेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पुढं सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याच वाटेनं जायला सांगितलं. ती बातमी मीच वहिनीला वाचून दाखवली होती. तेव्हा दादाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिनं ऐकून घेतलं, ज्वारी निवडत होती ती निवडत राहिली आणि म्हणली, "आपल्या गावात कवा व्हायचं?" नंतर परत म्हणली, "सुनांच्या आधी झालं म्हंजी बरं." त्या बाईच्या नावामागं तुम्ही गं. भा. लावणार? ती आयुष्यभर खडी फोडत, खुरपत, मोळ्या बांधत जगली. गंगा बघितली नाही तिनं, नुसती मुळा आणि प्रवरा बघितली.

शहरातल्या माझ्या वाचकांनी एवढ्यात हसू नये. तुमची तऱ्हा आमच्या उलटी आहे, पण गत तीच. मागं पुण्याला एका स्नेह्याच्या वडलांच्या शोकसभेला गेलो होतो. वेळ पाच ते सहा. हॉल थंडगार, फोटोला मोगऱ्याचा हार, हळू आवाजात भजनाची टेप. माणसं रांगेनं येत होती, हात जोडत होती, मोबाइल बघत बाहेर जात होती. सहाला दहा कमी असताना हॉलचा माणूस खुर्च्या गोळा करायला लागला, पुढची बुकिंग होती. त्या गृहस्थांनी चाळीस वर्षं प्रेसमध्ये खिळे जुळवले होते. त्यांच्याविषयी एक शब्द कुणी बोललं नाही. आमच्याकडं अकरा जण खोटं बोलले, तुमच्याकडं कुणीच बोललं नाही. निवड करा.

आणखी एक नवी टूम निघालीय, झाडाची. रक्षा नदीत न टाकता शेतात खड्डा घेऊन टाकायची, वर केशर आंबा लावायचा. चांगलीच गोष्ट आहे, नदीचंही भलं. पण त्याचाही आता फोटो झालाय. पाच जण एका रोपाला हात लावून उभे राहतात, आणि वैशाखात त्या रोपाला तांब्याभर पाणी घालायला पाचातला एकही नसतो. लावा झाड, पण आधी ठरवा की उन्हाळ्यात कोण जाणार.

मग करायचं काय? पुतणेही हेच म्हणले, "नुसतं नको नको म्हणू नका, काय करायचं ते सांगा." सांगितलं.

माणसं दीडशे. मांडव नाही, चिंचेखाली पाल बांधायचं आणि सतरंज्या घालायच्या. माईक नाही, दीडशे माणसांना घशाचा आवाज पुरतो. विधी सकाळी गुरुजींकडून, ज्याला बसायचं तो बसेल, माझा आग्रह नाही आणि विरोधही नाही. पत्रिका नाही, पुतणी आणि दोन्ही सुना घरोघर जाऊन सांगतील. बोलायला फक्त तिच्याबरोबर राबलेली, भांडलेली, जेवलेली माणसं. अट एकच. डोळ्यानं बघितलेलं सांगायचं. "थोर होत्या" असं कुणी म्हणालं की मी खाली बसवणार, मग तो कुणीही असो. आणि बाया आधी बोलतील. पुरुष आधी बोलले की बाया पदर तोंडाला लावून गप्प होतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तिच्याबरोबर खडी फोडणारी एक म्हातारी अजून हयात आहे, पलीकडच्या वस्तीवर, तिच्या लेकीकडं. ऐकू कमी येतं, पण बोलणं खणखणीत आहे. बाहत्तर सालचं माझ्या पोरवयातलं मला जेवढं आठवतं त्याच्या दसपट तिला माहीत आहे. वहिनीनं मुकादमाच्या अंगावर पाटी फेकली होती ती गोष्ट नुसती ऐकून आहे मी, का फेकली ते त्या म्हातारीलाच ठाऊक. ज्याच्याशी वहिनी बांधावरून सात वर्षं बोलली नाही, त्या शेजाऱ्यालाही बोलावलंय. तो येतो म्हणला. म्हणला, "माझ्याइतकं तिला कुणी ओळखत नव्हतं." खरंय.

नातीला शंभर पानी वही आणून दिलीय. कोण काय बोललं ते तिनं जसंच्या तसं लिहायचं, शुद्ध करायचं नाही. वहिनीला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ यायच्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओव्या तिच्या पोटात राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी माणसं जोडून खेड्यापाड्यातल्या बायांच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. आमच्या वस्तीवर ते आले नाहीत, आणि आम्हालाही घरातल्या घरात चार ओळी उतरून घ्यायचं सुचलं नाही. तिच्या नणंदेला, म्हणजे माझ्या बहिणीला, त्यातल्या दहा-बारा आठवतात. त्या दिवशी जातं धुवून पालाखाली मांडायचं, बहिणीनं आणि पुतणीनं दळायला बसायचं. खुंटा हातात आल्याशिवाय ओवी येत नाही, असं बहीण म्हणते.

जेवायला बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी. यावर मात्र घरात जोरात वाद झाला. श्राद्धाला लसूण चालत नाही म्हणे. बरं, नैवेद्याचं ताट वेगळं करा, पुतणीच करील. पण पंगतीला शेंगोळीच, आणि लसूण घालूनच. बिनलसणाची शेंगोळी वहिनीनं उंबऱ्याच्या बाहेर फेकली असती. दीडशे माणसांची शेंगोळी म्हणजे वळायचं काम मोठं आहे. हाताच्या तळव्यावर एकेक वळायची, आचाऱ्याचं ते काम नाही. म्हणून आदल्या रात्री सगळ्यांनी बसायचं, पुतण्यांनीसुद्धा. हात पिठात असले की मोबाइल धरता येत नाही आणि तोंडाला बोलायला मोकळीक मिळते. खरं वर्षश्राद्ध बहुतेक त्या रात्रीच होईल.

सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आत बसतं. उरलेल्या पैशाचा कुठं दानधर्म करा असं मी म्हणलो नाही, कारण उरलेले पैसे नव्हतेच, ते कर्ज होतं. ते न काढणं एवढंच.

धाकटा तयार झालाय. म्हातारीला आणायला गाडी घेऊन तोच जाणार आहे. थोरल्यानं अजून हो म्हणलेलं नाही. मंडपवाल्याला पाच हजार इसार देऊन बसलाय आणि तो परत मागायची त्याला लाज वाटते. त्याच्या बायकोनं परवा मला वाटेत गाठून हळूच विचारलं, "तात्या, मी बोलले तर चालल का? आत्याबाईंचं एक सांगायचंय मला." म्हणलं, पहिली तूच बोल. इसाराचं मी बघतो, उद्या बाजाराच्या दिवशी मंडपवाला गावात असतो. हुलगे आठ किलो आणून ठेवलेत. निवडायचे राहिलेत, खडे बरेच आहेत.